अन्नावरची जाळी

जयपूरच्या आग्रा रोडवरच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात एक तारेची जाळी पालथी घातलेली असते. टोपलीएवढी, अर्धगोल. कडेला पत्र्याची पट्टी, माथ्यावर धरायला लाकडाची गोळी. एका अंगाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, ते तांब्याच्या बारीक तारेनं विणून बुजवलेलं आहे. मोटार जळाली की तिच्या वाइंडिंगमधून निघते, ती तार. शेजारची नवी सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं जाळी उचलून पाहिली, खाली भाताचं पातेलं होतं. "आँटीजी, ये तो बर्तनों की मच्छरदानी हुई," ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

जाळीच्या मालकिणीनं पंचेचाळिशी ओलांडली आहे. जाळी तिच्याहून दोन-तीन वर्षांनी थोरली. आईनं ती हडपसरच्या बाजारातून आणली होती, आणि कारण होतं मांजर. घर फुरसुंगीत, मंतरवाडीच्या अंगाला. थोडी शेती, कालव्याचं पाणी, शिवाय स्वतःची विहीर. दोन म्हशी होत्या, म्हणून दूध होतं, आणि दूध होतं म्हणून मांजर होतं. रात्री दुधाच्या पातेल्यावर जाळी आणि जाळीवर वरवंटा. सकाळी जाळी खुंटीला. दिवसा तिचं काही काम नसे.

१९९१ साली उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवेवरच्या जुन्या दगडखाणीत पुण्याचा कचरा पडायला लागला. ती तेव्हा बारा वर्षांची. घरात एवढंच कळलं होतं की खाणीचा खड्डा भरायचा आहे. खड्डा भरला, मग जमिनीवर थर चढले, मग थरांची टेकडी झाली. १६३ एकरांचा डेपो. पहिल्या दिवसांत पोरांना ट्रकांचं अप्रूप होतं. कुणाला त्यात बाहुलीचं धड सापडे, कुणाला सायकलची घंटी. मग एका उन्हाळ्यानंतर पाऊस पडला आणि माश्या आल्या.

माश्या म्हणजे काय, हे शहरात राहणाऱ्याला सांगून कळत नाही. उबदार, ओल्या कचऱ्यात माशीचं अंडं आठ-दहा दिवसांत उडायला लागतं, आणि एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके दिसायचे, जवळ गेलं की ठिपके उडायचे. ताट वाढून पाणी आणायला वळलं की भात दिसेनासा व्हायचा. म्हशीच्या डोळ्यांच्या कडांना घोस लागायचे. आईनं दुसरी जाळी आणली, मग तिसरी. दिवसा खुंटीला टांगलेली जाळी आता खुंटीवर चढलीच नाही. ती दुधावरून भाकरीवर आली, भाकरीवरून थेट ताटावर, आणि दुपारी झोपलेल्या तान्ह्या पोराच्या तोंडावरसुद्धा.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरवरून सासवड रस्त्यानं दिवेघाटाकडे जाते आणि वाट उरुळी देवाचीवरून आहे. त्या दिवशी तिच्या घरून पिठलं-भाकरी नेण्याची रीत होती. एका वर्षी, १९९०च्या दशकाच्या मधेच कधीतरी, आई भाकऱ्यांची चवड घेऊन रस्त्याच्या कडेला बसली, वर ही जाळी. वारकरी नाकाला उपरणं लावून चालले होते. टाळ वाजवणाऱ्याला नाक धरता येत नाही, तो तसाच चालत होता. एका म्हातारीनं भाकरी घेतली, कपाळाला लावली आणि पुढं जाऊन, मोकळ्या हवेत खाईन म्हणाली. आईला ते लागलं. दारात आलेला माणूस जेवायला थांबत नाही, याची लाज घरच्या बाईला वाटते, ढीग कुणीही लावलेला असो.

विहिरीचं पाणी सावकाश गेलं. पावसाचं पाणी कचऱ्याच्या थरांतून खाली उतरतं तेव्हा वाटेत कुजलेलं सगळं विरघळवून घेतं: आम्लं, अमोनिया, क्षार, बॅटऱ्यांतले आणि रंगांतले जड धातू. हे काळपट तपकिरी पाणी, ज्याला अभियंते लिचेट म्हणतात आणि गावात नुसतं काळं पाणी, खाणीच्या तळाशी साठतं. दख्खनचा काळा पाषाण अंगानं टणक असला तरी त्याला भेगा असतात, आणि विहिरीचे झरे त्या भेगांतूनच येतात. ज्या वाटेनं गोडं पाणी येत होतं, त्याच वाटेनं हेही आलं. आधी डाळ शिजेना. मग पाण्याला तवंग आला. मग म्हशींनी तोंड लावायचं सोडलं, आणि जनावरानं नाकारलेलं पाणी माणसानं प्यावं असं वडिलांना वाटेना. मोटार जळाली तेव्हा ती पुन्हा भरून घेण्यात अर्थ उरला नव्हता. वडिलांनी ती उघडली, तांबं भंगारात घातलं आणि हातभर तार ठेवून घेतली. जाळीचं भोक त्या तारेनं विणलेलं आहे. टँकर यायला लागला आणि घरात पाण्याचे निळे ड्रम आले.

फुरसुंगी-उरुळीतल्या मुलांना मुली मिळेनात, ही गोष्ट वर्तमानपत्रांत बरीच नंतर छापून आली. गावाला ती आधीपासून ठाऊक होती. पाहुणे यायचे, शेत बघायचे, घर बघायचे, चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच ठेवायचे. मुलींचं त्या मानानं बरं, त्या बाहेर जाणार होत्या. २००३ साली तिचं लग्न झालं आणि ती कोथरूडला आली. रुखवतात काय होतं ते तिला आता आठवत नाही. जाळी मात्र तिनं स्वतः मागून घेतली.

कोथरूडमध्ये जाळी माळ्यावर गेली. लागलीच नाही.

याचं कारण समजायला तिला काही महिने गेले. कोथरूडलाही एक कचरा डेपो होता. रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, वस्ती वाढली आणि तो बंद झाला. तो भारही मग उरुळी-फुरसुंगीच्या वाट्याला आला. इमारतीतल्या काकू सुटकेच्या स्वरात सांगायच्या, आधी काय वास यायचा म्हणून, खिडक्या उघडता येत नसत, आता बघ कशी हवा आहे. त्या खरंच सांगत होत्या, त्यांनीही सोसलंच होतं. पण तो वास कुठं गेला, हे त्या बैठकीत तिला एकटीलाच माहीत होतं आणि नवी सून म्हणून ती गप्प बसली. पुढं त्याच जागेवर मेट्रोचा डेपो उभा राहिला. ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे कॉलेज ही पहिली गाडी सुरू झाली. आज तिथून जाणाऱ्या किती जणांना आपण कशावरून जातो आहोत याची कल्पना असेल?

सकाळी दारात कचरा घ्यायला येणाऱ्या बाईशी मात्र तिची गट्टी जमली. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढं त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. ओला-सुका वेगळा न देणाऱ्या घरांपुढं ही बाई मिनिटभर उभी राहायची, काही बोलायची नाही. हिच्या दारी तिला कधी उभं राहावं लागलं नाही. ओला कचरा एकत्र बांधून टाकताना हिला त्यातून उठणारी माशी दिसायची.

मग २०१७चा एप्रिल. डेपोला आग लागली. या आगी वरून दिसतात त्याहून खोल असतात. दाबलेल्या थरांत हवा नसते, कुजण्यातून मिथेन तयार होतो, आतली उष्णता वाढत जाते आणि कुठंतरी वाट मिळाली की पेट घेतो. वरून पाणी मारलं तरी आतलं धुमसणं दिवसेंदिवस चालतं. मुंबईच्या देवनारला, जो डेपो १९२७ साली सुरू झाला, जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला होता. फुरसुंगीकरांना उपग्रहाची गरज नव्हती. त्यांनी ट्रक अडवले. त्याच एप्रिलमध्ये कोलंबोजवळ मीतोटमुल्ला इथं नव्या वर्षाच्या सणादिवशी कचऱ्याची टेकडी वस्तीवर कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गाडली गेली. गावातल्या तरुणांच्या मोबाइलवर ती छायाचित्रं फिरत होती आणि पोरं आपल्या टेकडीकडे बघत होती.

तीन आठवड्यांहून जास्त काळ डेपोवर ट्रक जाऊ दिला गेला नाही. दिवसाला दीड हजार टनांवर कचरा करणारं पुणं चौथ्या दिवशी हवालदिल झालं. कोथरूडमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागले. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी लिहिलं की गावकऱ्यांना पैसे हवे असणार. तिनं टाइप केलं, "ट्रकपुढं बसलेल्यांत माझा भाऊ आहे," पाठवावं की नाही यात दहा मिनिटं गेली, आणि पाठवलं. त्यानंतर गटावर त्या विषयावर कुणी बोललं नाही. त्याच संध्याकाळी तिनं भावाला फोन केला, दाराशी ढीग लागलाय, माश्या व्हायला लागल्यात, कधी मिटणार म्हणून. तो धाकटा, बहिणीशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता, तेव्हाही नाही. "ताई," तो म्हणाला, "तुमच्याकडं आठ दिस झाले. आमच्याकडं सव्वीस वर्सं झाली." रात्री तिनं माळ्यावरून जाळी काढली, तिच्यावरची धूळ धुतली आणि ओट्यावर ठेवली.

मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर ते आंदोलन मिटलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन्ही गावं महापालिकेच्या हद्दीत आली, आणि पुढं पुन्हा वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. टेकडीच्या काही भागावर माती पसरली गेली, काही भाग उकरून चाळायचं काम सुरू झालं. विहीर तशीच आहे. भावानं तिच्यावर पत्रा टाकला आहे, पोरं पडू नयेत म्हणून.

२०१८ साली नवऱ्याची जयपूरला बदली झाली. अहो नोकरीसाठी चालले, मुलगा दहावीच्या आतला, सामान बांधताना जाळी शेवटच्या खोक्यात गेली. सवाई जयसिंहानं १७२७ साली वसवलेलं, विद्याधर भट्टाचार्यांनी नऊ चौकड्यांत आखलेलं हे शहर. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोनं परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या जयपूरला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा ती तिथंच होती. सरळसोट बाजार, एका उंचीची दुकानं, रस्ते काटकोनात. पाहुण्यांना दाखवायला तिला आजही तोच भाग आवडतो. परकोट्यात घर घेणं परवडणारं नव्हतं. घाट की गूणीच्या बोगद्यापलीकडं, आग्रा रोडला नव्या वसाहती होत होत्या, तिथं मिळालं.

पहिला उन्हाळा नुसता लू आणि आंधीचा. वारा पश्चिमेचा, वाळवंटाकडून येणारा, तो फक्त धूळ आणायचा. जुलैत एका संध्याकाळी हवा फिरली. पूर्वेचा वारा, इथं त्याला पुरवाई म्हणतात आणि पावसाची वर्दी म्हणून त्याचं कौतुक होतं. ती गच्चीवर कपडे काढत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला. आंबूस, गोडसर, खाली सडक्या अंड्यासारखं काहीतरी, आणि त्याहून खाली जळक्या प्लास्टिकचा कडवटपणा. बारा वर्षांच्या मुलीला हा वास ज्या क्रमानं कळायचा, त्याच क्रमानं कळला. शेजारणीला विचारलं. "कुछ नहीं जी, मथुरादासपुरा है," ती म्हणाली, जसं कुणी सांगावं की तिकडं रेल्वे आहे.

मथुरादासपुरा शहरापासून सतराएक किलोमीटर, पूर्वेला. जयपूरचा कचरा तिथं, लांगडियावासला आणि सेवापुऱ्याला जातो. कचरा गोळा करायला गल्लीत गाणं वाजवत जी गाडी येते, तिला इथं हूपर म्हणतात. घरोघरी हूपर फिरायला लागले ते २०१७ मध्ये, आणि ते काम तेव्हा मिळालं होतं पुण्याच्याच एका कंपनीला. हूपरमागं ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असत. तिनं दोन पिशव्या दिल्या की मदतनीस पोरगा दोन्ही एकाच कप्प्यात टाकी. एक दिवस तिनं विचारलं तर तो म्हणाला, आगे तो सब एक ही जगह जाना है.

एका रविवारी ती आणि मुलगा स्कूटरवरून तिकडं गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या विलायती बाभळींना पिशव्या लटकलेल्या, हिरव्या-काळ्या-पांढऱ्या, दुरून फुलं वाटाव्यात अशा. वर घारी. ढिगाच्या पायथ्याशी गायी. कचरा जवळून पाहिला की शहर ओळखता येतं. फुरसुंगीच्या ढिगात गणपतीनंतर थर्माकोलची मखरं दिसायची आणि मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेचं निर्माल्य. इथं लाखेच्या बांगड्यांचे तुकडे होते, गोट्याची सोनेरी किनार, सांगानेरी छापाच्या कापडाच्या कतरणी, रजईतला काळा पडलेला कापूस, संक्रांतीच्या पतंगांच्या काड्या आणि त्यांना गुंडाळलेला मांजा. खालच्या गावात एक बाई हँडपंपावर होती. पाणी कसं आहे विचारलं तर तिनं काही सांगण्याऐवजी पितळी लोटा भरून उन्हात धरला. पिवळसर होतं. प्यायला टँकर, हे न्हाण्याधुण्याला. इथली जमीन वाळूमिश्रित. पाणी खाली जायला भेगसुद्धा लागत नाही. शहराला १२० किलोमीटरवरच्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी २००९ पासून मिळतं, पण बाहेरच्या गावांना आणि नव्या वसाहतींना बोअरवेलचा आधार बराच काळ राहिला. ज्यांना पायाखालचं पाणी लागतं, त्यांच्याच पायाखाली ढीग आहे.

"तुम्ही तिथं घर घेतलंच का?" हा प्रश्न तिला नातेवाइकांनी विचारला, पुढं एका कार्यालयातल्या साहेबांनीही विचारला. गावांना तो लागूच होत नाही, गावं ढिगाच्या कितीतरी आधीची आहेत. वसाहतीत घर घेणाऱ्यानं नकाशा पाहिला होता, त्यावर बाग होती, मंदिर होतं, शाळेची जागा होती. पूर्वेला काय आहे ते नकाशाच्या बाहेर होतं. तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या घनकचरा नियमांनुसार भरावभूमी वस्तीपासून, तळ्यापासून, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किमान २०० मीटर लांब हवी होती आणि दिवसाला पाच टनांवर कचरा हाताळणाऱ्या जागेभोवती बांधकाम होऊ नये असा पट्टा राखायला हवा होता. तो पट्टा राखण्याचं काम घर घेणाऱ्याचं नाही. ज्यांनी परवानग्या दिल्या त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, घराच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला विचारतात, याचा राग तिला अजून येतो आणि तो यायलाच हवा.

लांगडियावासला कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प आला. मथुरादासपुऱ्याला जुना ढीग उकरून चाळायला सुरुवात झाली. ते काम तिनं पाहिलं, आणि घरी येऊन मुलाला सांगताना ती हातवारे करत होती. ट्रॉमेल म्हणजे एक लांबलचक गोल चाळण, आडवी, फिरती. एका तोंडानं वर्षानुवर्षांचा कुजलेला गाळ आत जातो. बारीक माती जाळीतून खाली गळते, दगड-विटा वेगळ्या पडतात, चिंध्या आणि प्लास्टिक दुसऱ्या तोंडानं बाहेर. माती काळी, भुसभुशीत, तिला वास जवळजवळ नव्हता. तिनं मूठभर उचलली, त्यात एक लाल मणी होता. ती उभी होती तेवढ्या वेळात पलीकडच्या बाजूला नवे ट्रक येऊन रिकामे होत होते, मिसळलेलेच. चाळणीत जे वेगळं होत होतं ते घरात वेगळं होतं, हूपरमध्ये एक झालं होतं.

भावानं फोनवर एक गोष्ट शिकवली. नुसती तक्रार केली की लोक म्हणतात बाई चिडली आहे, म्हणून वही ठेव. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास की धूर, किती वेळ, घरात कुणाला खोकला. फुरसुंगीत सुरुवातीची पंधरा वर्षं कुणी असं लिहून ठेवलं नाही, आणि मग पुरावा मागितला तेव्हा गावाकडे आठवणी होत्या, कागद नव्हते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० साली स्थापन झालं. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे, राजस्थानसाठी भोपाळला. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. वकील नसला तरी अर्ज करता येतो. हे सगळं ती आता जिन्यात भेटणाऱ्या कुणालाही सांगते.

वही दोनशे पानी आहे, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या वर्षी त्यात एकटीचंच अक्षर. मग खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं, त्यांना पहाटे दम लागतो तेव्हाची नोंद ते हिंदीत, सुवाच्य लिहितात. मग जामडोलीकडून येणाऱ्या दूधवाल्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या काही ओळी. वहीसोबत वसाहतीत आणखी एक वस्तू पसरली. शेजारच्या सुनेनं सासूकडून पैसे घेऊन अशीच जाळी बनवून घ्यायचं ठरवलं. बाजारात प्लास्टिकच्या छत्रीसारख्या घडीच्या मिळत होत्या, पण तिला तारेचीच हवी होती. एका कारागिराला नमुना म्हणून द्यायला ती ही जाळी घेऊन गेली, आणि परत आणताना विचारत आली की हे तांब्याचं रफू कुठं करून मिळालं.

तिला विहिरीबद्दल सांगितलं. म्हशींनी पाणी सोडलं तिथून, मोटार उघडली तिथपर्यंत. सून ओट्याला टेकून ऐकत राहिली, जाळीच्या त्या जागेवरून बोट फिरवत.

श्रावणातल्या एका रात्री वीज गेली होती, सगळे गच्चीवर. हवा पडलेली. मग कपडे वाळत घालायच्या दोरीवरची एक ओढणी हलकेच पश्चिमेकडं झुकली. सुनेनं उदबत्ती लावून कठड्यावर खोचली आणि धुराची रेघ कुठं जाते ते पाहिलं. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. मोबाइलच्या उजेडात वही उघडली गेली, या वेळी पेन सुनेच्या हातात होतं. "आँटीजी, टाइम?" तिनं विचारलं.

आठ वाजून वीस मिनिटं, तिनं सांगितलं, आणि खाली जेवण उघडं आहे का ते बघायला ती जिना उतरली.